वजाबाकीवर सभागृह हसतं, ते कशामुळे?

टॉम लेरर जुलै २०२५ मध्ये वारले, वयाच्या ९७ व्या वर्षी. अठराव्या वर्षी त्यांनी हार्वर्डमधून गणिताची पदवी घेतली होती. पुढे हार्वर्ड, एमआयटी आणि शेवटी कॅलिफोर्नियातलं सांताक्रूझचं विद्यापीठ अशा ठिकाणी त्यांनी शिकवलं. जग मात्र त्यांना ओळखतं ते पियानोवर बसून गायलेल्या मोजक्या विनोदी गाण्यांमुळे. त्यातलं एक गाणं चक्क तीन अंकी वजाबाकीचं आहे. १९६५ च्या त्या ध्वनिमुद्रणात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबातले प्रेक्षक अक्षरशः पोट धरून हसताना ऐकू येतात. हसण्याचं कारण काय, तर हातचा घेणे.

लेरर गाणी म्हणत. आजचे त्यांचे वारसदार माइक हातात घेऊन उभे राहतात. मॅट पार्कर हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पूर्वी शाळेत गणित शिकवणारा माणूस ब्रिटनमध्ये स्वतःला ‘स्टँड-अप गणितज्ञ’ म्हणवतो आणि त्याच्या कार्यक्रमांना लोक तिकीट काढून येतात. आयर्लंडचा लोकप्रिय विनोदवीर डारा ओ ब्रिएन डब्लिनच्या विद्यापीठात गणित आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकलेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २००९ मध्ये ‘ब्राइट क्लब’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात प्रयोगशाळेतले संशोधकच रंगमंचावर येऊन आपल्या कामावर काही मिनिटं विनोद करतात. या मंडळींचे तुकडे आता रील्समधून आपल्याकडेही पोचतात. ते पाहिल्यावर बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. ज्या विषयाच्या पेपरच्या आदल्या रात्री झोप उडायची, त्यात हसण्यासारखं आहे काय?

आहे, आणि भरपूर आहे. पण ते कुठे आहे हे कळायला आधी विनोद चालतो कसा ते पाहावं लागेल.

एक लिफ्ट पुरे आहे

स्टँड-अपवाल्यांच्या बोलण्यात दोन शब्द सतत येतात. ‘सेट-अप’ म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात एक अपेक्षा उभी करणारा भाग. ‘पंच’ म्हणजे ती अपेक्षा मोडणारं वाक्य. पण अपेक्षा नुसती मोडून चालत नाही. मोडल्यावर क्षणभरात ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की, अरेच्चा, हेही बरोबरच आहे की!

आपल्याकडच्या पुष्कळ लिफ्टमध्ये एक पाटी असते: ‘क्षमता ६ माणसे, ४०८ किलो’. आता समजा, रंगमंचावरचा माणूस सांगतोय, “लिफ्टमध्ये सहा जण उभे आहेत. दारात सातव्या जोशीकाकू येतात. पाटी वाचतात. सहाही जणांकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघतात आणि म्हणतात, ‘तुम्ही सगळे बारीकच आहात हो. मी मावते.’”

इथे हसू आलं असेल तर त्याआधी तुमच्या डोक्यात बरंच काही घडून गेलंय. ४०८ भागिले ६ म्हणजे ६८. पाटी लावणाऱ्याने माणशी सरासरी ६८ किलो धरलेत. ‘सहा माणसं’ ही मूळ मर्यादा नाहीच, मूळ मर्यादा वजनाची आहे. माणसांचा आकडा त्यातून काढलेला. काकूंनी तो व्यवहार उलटा फिरवला. प्रत्यक्ष भागाकार तुम्ही केला नसेल, पण सरासरी म्हणजे ‘प्रत्येक जण तेवढाच’ नव्हे हे तुम्हाला समजलं, म्हणून काकू विनोदी वाटल्या.

गणिती विनोदाचं सगळं मर्म इथे आहे, असं मला मनापासून वाटतं. अवघड विषयावर वरून विनोद पेरला, असं इथे होत नाही. युक्तिवाद हाच विनोद असतो. आपण बेरीज केली की ताळा करून पाहतो, तसं हसू हा समजुतीचा ताळा आहे. योग्य जागी हसू आलं तर समजूत बरोबर. (पुढे सातवी व्यक्ती खरोखर चढवू नका. लिफ्टवाल्यांनी ती पाटी विचार करून लावलेली असते.)

दोन बोटं कमी असलेल्या माणसाचं गणित

आता लेररच्या वजाबाकीकडे येऊ. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि आपली मुलं विज्ञानात मागे पडतील या धास्तीने अमेरिकेने शाळांमधलं गणित बदलायला घेतलं. या बदलाला ‘न्यू मॅथ’ म्हणत. मुलांनी पद्धत घोकण्यापेक्षा तिच्यामागचं कारण समजून घ्यावं, हा हेतू. हेतू उत्तम होता, पण घरी आईवडिलांची पंचाईत झाली. तिसरीतल्या मुलाचा गृहपाठ त्यांना कळेना. लेररचं गाणं या पालकांसाठी आहे, आणि त्यात ३४२ मधून १७३ वजा करायचे आहेत.

नेहमीच्या पद्धतीने उत्तर १६९. लेरर ते करून दाखवतात आणि मग म्हणतात की पुस्तकात हेच गणित आठच्या पायावर करायला सांगितलंय. काळजी नको, आठचा पाया अगदी दहाच्या पायासारखाच असतो, फक्त तुम्हाला दोन बोटं कमी असली की झालं.

या एका वाक्यावर प्रेक्षक कोसळतात. आणि या वाक्यात गणिताची एकही चूक नाही. आपण दहा-दहाचे गट करून मोजतो, त्यामागे हाताला दहा बोटं आहेत हेच कारण असावं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. दहा या आकड्याला गणितात काही विशेष अधिकार नाही. आठ बोटं असती तर आपण एकक, मग आठाचे गट, मग चौसष्टाचे गट केले असते.

करून पाहू. ३४२ म्हणजे तीन चौसष्ट, चार आठ आणि दोन सुटे. सुट्या दोनातून तीन जात नाहीत. शेजारचा एक आठ सुटा केला की आठ आणि दोन मिळून दहा सुटे झाले. त्यातून तीन गेले, सात उरले. आठाच्या घरात आता तीनच आहेत आणि वजा करायचे आहेत सात. एक चौसष्ट मोडला की आठ ‘आठ’ मिळतात. आठ आणि तीन अकरा, त्यातून सात गेले, राहिले चार. चौसष्टाच्या घरात उरलेल्या दोनातून एक गेला, राहिला एक. उत्तर १४७. आपल्या रोजच्या भाषेत २२६ मधून १२३ गेले आणि १०३ उरले.

हातच्याच्या वजाबाकीत ‘दहा’ आणतो कुठून, हे शाळेत बऱ्याच जणांना कधी कळलेलंच नसतं. आपण फक्त शेजारच्या घरातला आकडा खोडून एकने कमी करतो. आठच्या पायावर तीच कृती केली की ती पहिल्यांदा डोळ्यांना दिसते. लेररने टिंगल केली ती नव्या पद्धतीच्या डामडौलाची. वजाबाकी मात्र त्यांनी इतकी चोख समजावली आहे की मला ते गाणं वर्गात लावण्याच्या लायकीचं वाटतं.

सगळेच विनोद असे नसतात

गणितवाल्यांचे पुष्कळ विनोद आतल्या गोटातले असतात. एखाद्या चिन्हावर, सूत्रावर, प्रमेयाच्या नावावर केलेले. ज्याला ते चिन्ह माहीत आहे तो हसतो, बाकीचे एकमेकांकडे बघतात. अशा विनोदाने फक्त ‘आपण आतले’ ही खात्री होते. मित्रांच्या कट्ट्यावर तेही चालतं, पण तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर ते उद्धटपणाचं ठरतं.

चांगला विज्ञान-विनोदवीर जी माहिती लागणार ती सेट-अपमध्येच देतो, तीही शिकवल्यासारखी नव्हे. लिफ्टच्या गोष्टीत पाटी वाचून दाखवली तेव्हाच सगळी सामग्री तुमच्या हातात आली होती. हे कष्टाचं काम आहे. एखादं वाक्य जास्त झालं की व्याख्यान होतं आणि कमी पडलं की कोडं. एरवीच्या कॉमेडियनला नवरा-बायको म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, याला मात्र ‘सरासरी’पासून सुरुवात करावी लागते आणि तरी कुणाला कंटाळा येता कामा नये.

वुलवर्थ्सची प्राचीन संस्कृती

माझ्या मते या प्रकारातला सर्वांत मोलाचा विनोद मॅट पार्करने २०१० मध्ये केला. त्या सुमारास ब्रिटनमध्ये एका लेखकाचा दावा गाजत होता. प्रागैतिहासिक काळातल्या शेकडो जागा नकाशावर जोडल्या तर अचूक समद्विभुज त्रिकोण तयार होतात, म्हणजे त्या काळच्या माणसांकडे दिशा-अंतर मोजण्याचं विलक्षण ज्ञान होतं, कदाचित परग्रहावरच्या कुणी दिलेलं.

पार्करने वाद घातला नाही. त्याने वुलवर्थ्सच्या दुकानांचे पत्ते घेतले. वुलवर्थ्स ही ब्रिटनमधली स्वस्त घरगुती वस्तूंची दुकानसाखळी, जी नुकतीच, २००९ च्या जानेवारीत, कायमची बंद पडली होती. सुमारे ८०० दुकानं. पुरातत्त्ववेत्त्याच्या गंभीर चेहऱ्याने त्याने जाहीर केलं की या लुप्त संस्कृतीविषयी आपल्याला फार थोडं ठाऊक आहे, पण तिची स्थळं अभ्यासली तर २००८ सालचे लोक कसे राहत होते ते उमगेल. मग त्याने नकाशा दाखवला. वुल्व्हरहॅम्प्टन, लिचफिल्ड आणि बर्मिंगहॅम इथली दुकानं जोडली की समभुज त्रिकोण होतो. त्याचा पाया दोन्हीकडे वाढवला की ती रेघ कॉनवी आणि लूटन इथल्या दुकानांपाशी पोचते. अंतर जवळपास २८० किलोमीटर आणि चूक अवघी चाळीस फुटांच्या घरात.

आता यामागचं गणित बघा. कोणतीही तीन ठिकाणं निवडली की एक त्रिकोण होतो. दहा ठिकाणं असतील तर त्यांतून १२० वेगवेगळे त्रिकोण निघतात. ८०० ठिकाणांतून निघतात ८ कोटी ५० लाख १३ हजार ६००. साडेआठ कोटी त्रिकोणांमध्ये काही अतिशय देखणे निघणारच. न निघते तर आश्चर्य. युक्ती एवढीच की उरलेल्या कोट्यवधी वेड्यावाकड्या त्रिकोणांबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

हे आपल्यालाही परकं नाही. केदारनाथपासून रामेश्वरमपर्यंतची आठ शिवमंदिरं ७९ अंश रेखांशावर एका सरळ रेषेत आहेत, असा फॉरवर्ड तुमच्या कौटुंबिक ग्रुपवर एकदा तरी आला असेल. मंदिरं प्राचीन आहेत, त्यांची थोरवी कोणत्याही रेषेवर अवलंबून नाही. प्रश्न फक्त भूमितीचा. त्या यादीतलं सर्वांत पश्चिमेचं तिरुवानैकावल साधारण ७८.७ अंशांवर आहे आणि सर्वांत पूर्वेचं कालेश्वरम ७९.९ अंशांवर. म्हणजे ‘रेषे’ची रुंदी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जाते, मुंबई ते पुणे हवाई अंतराएवढी. शिवाय देशभरातल्या असंख्य शिवमंदिरांतून आठच का निवडली, हा वुलवर्थ्सचाच प्रश्न इथेही उरतो.

ग्रुपवर हे आकडे टाकले तर भांडण होतं, कारण आपण काकांना चूक ठरवतो. पार्करचा रस्ता वेगळा आहे. त्याने समोरच्याचाच युक्तिवाद जसाच्या तसा उचलला आणि अशा ठिकाणी लावला की निष्कर्ष हास्यास्पद झाला. ऐकणारा आधी हसतो आणि चूक कुठे होती ते स्वतः शोधतो. गणितात याला ‘विसंगती दाखवून सिद्धता’ म्हणता येईल. एखादं गृहीतक खरं मानून पुढे गेल्यावर अशक्य काही निघालं, तर गृहीतकच चुकीचं. आपण भूमितीच्या तासाला हे केलेलं आहे, फक्त तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

पण ही विज्ञानाची टिंगल नाही का?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो घेणारी माणसं बहुधा विज्ञानावर प्रेम करणारी असतात. त्यांना उत्तर देताना मला आंद्रे गाइम आठवतात. १९९१ मध्ये अमेरिकेत ‘इग नोबेल’ नावाचे पुरस्कार सुरू झाले, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी. २००० मध्ये गाइम आणि मायकेल बेरी यांना तो मिळाला, जिवंत बेडूक चुंबकाच्या साह्याने हवेत तरंगवल्याबद्दल. बेडकाच्या शरीरातल्या पाण्याला तीव्र चुंबकीय क्षेत्र अगदी हलकंसं दूर ढकलतं, त्यावर तो प्रयोग उभा होता. दहा वर्षांनी, २०१० मध्ये, याच गाइमना ग्राफीनवरच्या (म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरावरच्या) कामासाठी खरं नोबेल मिळालं.

२००२ चं गणितातलं इग नोबेल केरळ कृषी विद्यापीठातल्या दोन संशोधकांना मिळालं होतं, हत्तीच्या शरीराचं एकूण पृष्ठफळ काढल्याबद्दल. ऐकताना हसू येतं. पण प्राण्याच्या शरीरातून उष्णता किती बाहेर जाते याचा हिशेब पृष्ठफळाशिवाय होत नाही, आणि हत्तीला काही चौकटीच्या कागदावर झोपवता येत नाही. हसू ओसरल्यावर ‘मग मोजलं कसं?’ असा प्रश्न मनात येतो, तिथे विज्ञान सुरू होतं.

डारा ओ ब्रिएन आपल्या एका कार्यक्रमात म्हणतो की विज्ञानाला सगळं माहीत नाही हे विज्ञानाला माहीत आहे, नाहीतर ते कधीच थांबलं असतं. विज्ञानाच्या बाजूने इतकी नेमकी वकिली मी व्यासपीठावरच्या भाषणांत फार क्वचित ऐकली आहे.

हसवण्याच्या नादात चूक झाली तर?

होते, आणि गंभीरपणे घ्यावी अशी ही शंका आहे. पंच चांगला बसावा म्हणून आकडा फुगवणं, अपवाद गाळणं हे मोह कॉमेडियनला असतातच. पण गणितावर विनोद करणाऱ्याच्या प्रेक्षकांत गणितवालेही बसलेले असतात, आणि ते सोडत नाहीत.

२०१६ मध्ये पार्करने नंबरफाइल या यूट्यूब चॅनेलवर एक जादूचा चौरस मांडला. जादूच्या चौरसात आडव्या, उभ्या आणि तिरप्या सगळ्या ओळींची बेरीज सारखी यावी लागते. नऊही घरांत वेगवेगळ्या पूर्ण संख्यांचे वर्गच भरायचे, असा तीन बाय तीनचा चौरस अजून कुणालाही सापडलेला नाही आणि तो अशक्य आहे असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. पार्करच्या चौरसात पहिल्या ओळीत २९, १ आणि ४७ यांचे वर्ग होते, दुसरीत ४१, ३७, १ यांचे आणि तिसरीत २३, ४१, २९ यांचे. प्रत्येक ओळीची बेरीज ३०५१. प्रत्येक स्तंभाचीही तेवढीच. एक कर्णही जमला. दुसऱ्या कर्णाची बेरीज मात्र ४१०७ आली, आणि १, २९, ४१ हे तीन आकडे दोनदा वापरलेले. लोकांनी त्याला ‘पार्कर स्क्वेअर’ नाव दिलं. जीव तोडून केलेला पण थोडक्यात हुकलेला कोणताही प्रयत्न म्हणजे पार्कर स्क्वेअर. त्याने ते नाव लपवलं नाही, चारचौघांत मिरवलं.

शाळेत गणिताची भीती बसते ती मुख्यतः चूक करण्याच्या भीतीमुळे. म्हणून एक जाणता गणितज्ञ आपला फसलेला चौरस हसत हसत सगळ्यांना दाखवतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

यातून कुणी काही शिकतं का?

तासभर हसून कुणाला कलनशास्त्र येत नाही. असा दावा कुणी करत असेल तर तो खोटा आहे. गणित यायला पाटी-पेन्सिल घेऊन बसावंच लागतं. विनोद त्याच्या आधीचं काम करतो, ‘हे माझ्यासाठी नाही’ ही मनातली गाठ सोडवण्याचं.

आणि क्वचित तो संशोधनालाही धक्का देतो. पार्करचा रंगमंचावरचा सहकारी स्टीव्ह मोल्ड एक साधा प्रयोग करून दाखवी. काचेच्या भांड्यात मण्यांची लांब साखळी भरायची आणि एक टोक खाली सोडायचं. साखळी नुसती ओघळत नाही, भांड्याच्या काठावरून कमान करून उसळी घेते आणि मग खाली जाते. २०१३ मध्ये त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. का उसळते, याचं समाधानकारक उत्तर तयार नव्हतं. केंब्रिजच्या बिगिन्स आणि वॉर्नर या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला: साखळीचा दुवा उचलला जाताना दुसऱ्या टोकाने भांड्याच्या तळाला रेटतो आणि तळ त्याला वर ढकलतो. लोकांना चकित करायला म्हणून दाखवलेल्या गोष्टीतून खरा प्रश्न निघाला.

मराठीत करायचं तर

सामग्री घरातच आहे. गणिताशी खेळण्याची परंपरा तर फारच जुनी. चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचं त्यात म्हटलंय. त्या ग्रंथांत भुंग्यांचं गणित येतं: थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग दुसऱ्या फुलावर, या दोघांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर आणि एक भुंगा दोन सुगंधांच्या ओढीत अडकून हवेतच घुटमळतोय. उत्तर पंधरा. तो एकटा भुंगा पेपरातल्या ‘क्ष’पेक्षा कितीतरी जिवंत आहे.

आजचे विषय तर रस्त्यावर पडलेत. दुकानावरची ‘५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के’ ही पाटी घ्या. मनात सत्तर होतात, बिलात साठ. शंभराचे आधी पन्नास झाले, वीस टक्के त्या पन्नासावर. किंवा कर्ज घ्या. एक लाख रुपये, एक वर्ष मुदत, ‘फक्त बारा टक्के, फ्लॅट’. महिन्याचा हप्ता ९,३३३ रुपये. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर धरलेलं असतं. घटत्या शिल्लकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. सेट-अप तयार आहे, पंचही त्यातच आहे: अकराव्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे जेमतेम सतरा-अठरा हजार राहिलेले असतात, आणि व्याज मात्र अजून अख्ख्या लाखाचं चालू असतं.